टॅबमध्ये मेमरी किती घ्यावी: ६४, १२८ की २५६?

थाळनेरकर

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा अकरावी सायन्सला गेली आहे, नीटची तयारी करते. कॉलेज शिरपूरला, आम्ही राहतो तापीकाठच्या गावात. क्लास ऑनलाइन लावला आहे. आतापर्यंत माझ्या फोनवर बघायची, पण एवढ्याशा पडद्यावर फळ्यावरची आकृती नीट दिसत नाही. म्हणून टॅब घ्यायचं ठरवलं.

दुकानात गेलो तर ४/६४, ८/१२८, ८/२५६ असे आकडे सांगतात आणि दर पायरीला दोन-तीन हजार वाढतात. एक दुकानदार म्हणाला, ६४ घ्या आणि कार्ड टाका, काम झालं. दुसरा म्हणाला, कार्डाच्या भानगडीत पडूच नका. दोघंही आपापल्या परीने बरोबर वाटले.

घरी नेटची अडचण आहे. गच्चीवर गेलं तर जेमतेम रेंज, लेक्चर अडकत अडकत चालतं. तिच्या मावशीकडे शिरपूरला वायफाय आहे. कॉलेज सुटलं की एसटीची वेळ होईपर्यंत ती तिथे थांबते, त्या दिवसाची लेक्चर उतरवून घेते आणि रात्री घरी बघते. टॅबवर खेळ नाहीत, सिनेमे नाहीत. लेक्चर, नोट्स आणि पुस्तकांच्या पीडीएफ, एवढंच. बजेट २५ हजारांच्या आत. कपाशीचे पैसे आले की घेणार, त्यामुळे घाई नाही. किती मेमरी पुरेल ते सांगा.

केळीबाग_रावेर

२५६ घ्या, विषय संपला. मेमरी कधी जास्त झाली असं कोणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मी बागेचे फोटो, ठिबकवाल्याचे नकाशे, व्यापाऱ्याच्या पावत्या सगळं टॅबमध्येच ठेवतो.

चोपड्याची_लेक

थाळनेरकर दादा, आधी त्या दोन आकड्यांचा उलगडा करते, कारण दुकानात दोन्हीला मेमरीच म्हणतात आणि तिथेच घोळ होतो.

पहिला आकडा रॅमचा. चालू असलेली कामं त्यात राहतात, टॅब बंद केला की ती रिकामी होते. दुसरा आकडा स्टोरेजचा, म्हणजे साठवणीची जागा. लेक्चर, फोटो, ॲप सगळं त्यात बसतं. दोन्ही चिप बोर्डावर पक्क्या बसवलेल्या असतात. कॉम्प्युटरमध्ये पट्टी टाकून रॅम वाढवतो तसं टॅबमध्ये होत नाही.

तुमची मुलगी अर्ध्या पडद्यावर लेक्चर आणि अर्ध्यावर वही उघडणार. ४ जीबी रॅमवर हे चालतं, पण मध्येच तिसरं काही उघडलं की मागचं ॲप बंद पडतं, आणि परत गेलं की लेक्चर पहिल्यापासून सुरू होतं. अभ्यासात हा त्रास फार चिडचिड करणारा असतो. म्हणून माझा आग्रह रॅम ६ च्या खाली नको, ८ मिळाली तर उत्तम. काही कंपन्या जाहिरातीत ४ अधिक ४ अशी व्हर्च्युअल रॅम दाखवतात. ती खरी रॅम नसते, स्टोरेजचाच एक तुकडा रॅमसारखा वापरतात. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी संथ असतं आणि तेवढी साठवणीची जागाही जाते. खरा आकडा कोणता ते खोक्यावर बघा.

आता साठवणीचं. ६४ लिहिलेलं असलं तरी ६४ हाताला लागत नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, बरीच सॉफ्टवेअर १०२४ च्या पटीत मोजतात. त्या हिशेबाने ६४ चे ५९.६ होतात, १२८ चे ११९ आणि २५६ चे २३८. त्यातून अँड्रॉइड आणि कंपनीची स्वतःची ॲप पंधरा-वीस जीबी घेतात. म्हणजे ६४ च्या टॅबमध्ये नव्या कोऱ्या अवस्थेत चाळीसेक जीबी मोकळे आणि १२८ मध्ये शंभराच्या आसपास.

सिस्टीमचा खर्च दोन्हीकडे साधारण सारखाच असतो. आकडा दुप्पट दिसतो, पण हाताला लागणारी जागा अडीचपट होते. म्हणून ६४ वरून १२८ वर जाण्यात जे पैसे जातात, त्यांचा मोबदला सगळ्यात चांगला मिळतो.

अहिराणी_मानूस

बराबर सांगं ताई. चार जीबीनं टॅब लेवानंच नही.

थाळनेरकर

ताई, इतकं सविस्तर सांगितल्याबद्दल आभार. रॅमचं कळलं, ४ चा विचार सोडला. पण १२८ पुरतील की केळीबाग भाऊ म्हणतात तसे २५६ घ्यावे, याचा अंदाज कसा करायचा? लेक्चर किती जागा खातं हेच समजत नाही. काही लहान असतात, काही एकदम मोठी.

चोपड्याची_लेक

याचा हिशेब घरच्या घरी करता येतो. व्हिडिओची जागा दोनच गोष्टींवर ठरते: तो सेकंदाला किती मेगाबिट खातो आणि किती वेळ चालतो. सेकंदाला १ मेगाबिट म्हणजे तासाला ४५० एमबी. हा आकडा पाठच करून ठेवा.

फळ्यावरच्या लेक्चरमध्ये चित्र फारसं हलत नाही, म्हणून ४८०पी ला (पीचा आकडा जितका मोठा तितकं चित्र स्पष्ट) ०.६ मेगाबिटच्या आसपास भागतं, म्हणजे तासाला २७० एमबी. तेच ७२०पी ला दीड मेगाबिट धरलं तर तासाला ६७५ एमबी. रोज तीन तास, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे महिन्याला ७८ तास. ४८०पी ला महिन्याचे २१ जीबी, ७२०पी ला जवळपास ५३ जीबी.

आता ताडून बघा. ६४ चा टॅब ७२०पी वर महिनाभरही टिकत नाही. १२८ चा टॅब ७२०पी वर दोन महिन्यांच्या आत भरतो, ४८०पी वर साडेचार-पाच महिने चालतो. २५६ घेतला तरी ७२०पी वर चार महिन्यांत भरणारच. दोन वर्षांची सगळी लेक्चर टॅबमध्ये ठेवायची म्हटलं तर कुठलाच आकडा पुरणार नाही. म्हणून आधी हे ठरवा की बघून झालेलं लेक्चर किती दिवस ठेवायचं.

तुमच्या क्लासच्या ॲपचा नेमका आकडा हवा असेल तर एक लेक्चर उतरवा, त्याआधी आणि नंतर सेटिंगमध्ये त्या ॲपने व्यापलेली जागा बघा. फरक भागिले तास. माझ्या ०.६ आणि १.५ पेक्षा तो आकडा जास्त खरा.

सातपुडा_गुरुजी

मी धडगाव तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. आमच्याकडे पाड्यावर नेट हा विषयच नाही, त्यामुळे ऑनलाइन साठवणीचे सल्ले आमच्या उपयोगाचे नसतात. तसंही गूगलची फुकट जागा १५ जीबीच, आणि त्यात मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं एकत्र. १ जून २०२१ पासून फोटोही त्याच पंधरात मोजतात. महिन्याला २१ जीबी लेक्चर करणाऱ्याला १५ जीबी कुठे पुरणार?

माझा अनुभव कार्डाच्या बाजूने आहे. शाळेच्या टॅबमध्ये स्टोरेज थोडं, पण १२८ जीबीचं कार्ड टाकलं आहे. मुलांच्या घरी पावरी आणि भिली बोलतात. पहिलीच्या वर्गात मराठी पाठ्यपुस्तकातल्या गोष्टी मी पावरीत सांगून चित्रित करतो, मग दोन्ही भाषांत ऐकवतो. चित्रण १०८०पी ला मिनिटाला १३० एमबीपर्यंत जातं, दहा मिनिटांची गोष्ट सव्वा जीबी. ते सगळं कार्डावर बिनतक्रार चालतं. शेजारच्या शाळेला द्यायचं तर कार्ड काढून दिलं की झालं. मग थाळनेरकर भाऊंनी ६४ अधिक कार्ड का घेऊ नये?

भुसावळ_जंक्शन

गुरुजी, तुमचं काम फार मोलाचं आहे, आणि तुमच्यासाठी कार्ड बरोबरच. पण भाऊंचं प्रकरण वेगळं आहे. मी मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, असे पालक नेहमी येतात. नवीन कार्ड टाकलं, तरी मेमरी फुल दाखवतं, काय करू?

तुमचे व्हिडिओ उघड्या फाइल आहेत. कुठेही ठेवा, कुठल्याही प्लेयरमध्ये वाजतील. क्लासची ॲप तसं करत नाहीत. लेक्चरची चोरी होऊ नये म्हणून ती कुलूपबंद करून ॲपच्या खासगी कप्प्यात ठेवतात. फाइल मॅनेजरमध्ये ती दिसत नाहीत, दिसली तरी दुसरीकडे उघडत नाहीत. हा कप्पा बहुतेक वेळा टॅबच्या आतल्या स्टोरेजमध्येच असतो. ॲपनेच कार्डाची सोय दिली असेल तरच लेक्चर कार्डावर जातं. यूट्यूबच्या अँड्रॉइड ॲपमध्ये डाउनलोड कार्डावर घेण्याची सोय असते, काही क्लासच्या ॲपमध्येही असते, पुष्कळांत नसते.

अँड्रॉइड ६ मध्ये, २०१५ साली, कार्डच आतलं स्टोरेज म्हणून जोडून घ्यायची सोय आली. पण ती देणं न देणं कंपनीच्या हातात, आणि सॅमसंगसारख्या मोठ्या कंपन्या ती देत नाहीत. देणाऱ्यांकडेही मी ती सुचवत नाही. कार्ड गेलं की त्यावरची ॲपही गेली, आणि एकदा असं जोडलेलं कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये वाचता येत नाही.

तेव्हा भाऊ, पैसे मोजण्याआधी एक काम करा. तुमच्याच फोनमध्ये कार्ड टाका, क्लासच्या ॲपची सेटिंग उघडा आणि डाउनलोड कुठे ठेवायचं हे विचारणारी ओळ आहे का बघा. असेल तर गुरुजींचा मार्ग मोकळा. नसेल तर कार्ड कितीही मोठं घ्या, लेक्चरच्या कामाला शून्य.

आणि एक, ॲपचा डेटा क्लिअर केला किंवा ॲप काढून टाकलं की उतरवलेली सगळी लेक्चर जातात. मेमरी भरली म्हणून घरातलंच कोणीतरी क्लिअर डेटा दाबतं आणि महिन्याचं डाउनलोड एका बोटात साफ. मुलीला हे आधीच सांगून ठेवा.

केळीबाग_रावेर

म्हणजे माझंच बरोबर निघालं ना? कार्ड चालत नसेल तर आतलं स्टोरेज मोठं, म्हणजे २५६.

भुसावळ_जंक्शन

केळीबाग भाऊ, पैसा मोकळा असेल तर तुमचं बरोबरच. पण २५ हजारांत दोन टॅब समोर असतील, एक ८/१२८ चांगल्या पडद्याचा आणि दुसरा ६/२५६ साध्या पडद्याचा, तर मी पहिला उचलायला सांगेन. रोज तीन-चार तास त्याच पडद्याकडे बघायचं आहे पोरीला.

दुसरं, स्टोरेजची जातही बघा. स्वस्त टॅबमध्ये ईएमएमसी असतं, वरच्या टॅबमध्ये यूएफएस. ईएमएमसी ५.१ ची कागदावरची कमाल सेकंदाला ४०० एमबी, यूएफएस २.२ ची हजाराच्या वर. आकडा तोच १२८, पण ॲप उघडणं, अपडेट बसणं यात फरक हाताला जाणवतो. दुकानदाराला माहीत नसलं तर कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेलच्या माहितीत बहुतेक दिलेलं असतं.

आणि कुठलाही आकडा घेतला तरी काठोकाठ भरू देऊ नका. या चिपमध्ये लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी अख्खा गठ्ठा पुसावा लागतो. जागा मोकळी असली तर हे मागच्या मागे होतं. खळं भरलेलं असलं की नवा माल टाकायला आधी जुना सरकवत बसावं लागतं, तसं होतं मग. माझ्याकडे टॅब स्लो झाला म्हणून येतात, त्यातल्या अनेकांचं दुखणं हेच. पंधरा-वीस टक्के रिकामं ठेवा. १२८ वाल्याने वीसेक जीबी कायम मोकळे राहतील असं बघावं.

अक्षरवेडी_जळगाव

मी चित्रं काढते, आयपॅड वापरते. थाळनेरकर दादांच्या बजेटमध्ये तो बसेल असं नाही, पण धागा पुढे वाचणाऱ्यांसाठी लिहिते, कारण आयपॅडच्या बाबतीत मेमरीचा निर्णय जास्त कठीण आहे. आयपॅडला कार्डाची खाच कधीच नव्हती. जे घ्याल तेच शेवटपर्यंत. साधा आयपॅड २०२२ च्या मॉडेलपर्यंत ६४ पासून सुरू व्हायचा, २०२५ च्या मॉडेलपासून १२८ पासून सुरू होतो. तेव्हा कोणी जुना ६४ चा स्वस्तात देत असेल तर लेक्चरवाल्याने दहादा विचार करावा. आयक्लाउडची फुकट जागा तर ५ जीबीच.

एक वाट आहे. आयपॅडओएस १३ पासून, म्हणजे २०१९ पासून, फाइल्स ॲपमध्ये बाहेरची डिस्क उघडते. मी झालेली चित्रं एसएसडीवर टाकते आणि आयपॅड हलका ठेवते.

खाच नसण्याची गोष्ट फक्त ॲपलची नाही बरं. शाओमी पॅड ६ ला नाही, वनप्लस पॅडलाही नाही. सॅमसंगच्या टॅब ए९ प्लसला आहे, १ टीबीपर्यंतचं, म्हणजे हजार जीबीचं कार्ड घेते, आणि ते मॉडेल ४/६४ आणि ८/१२८ अशा दोन जोड्यांत आलं होतं. अँड्रॉइड आहे म्हणजे कार्ड चालणारच, असं गृहीत धरू नका.

सातपुडा_गुरुजी

भुसावळ भाऊ, क्लासच्या ॲपचं कुलूप माझ्या लक्षात नव्हतं. आमच्याकडे बारावीची जी मुलं शहाद्याला शिकायला आहेत त्यांनाही हे सांगतो.

थाळनेरकर भाऊ, एक वेगळी गोष्ट. महाज्योती ही राज्य शासनाची नागपूरची संस्था अकरावी सायन्सच्या विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि सीईटीच्या प्रशिक्षणासाठी टॅब देत आली आहे. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या नॉन-क्रीमी लेयर मुलांसाठी ही योजना आहे. तुम्ही त्यात बसत असाल तर खरेदीआधी त्यांच्या वेबसाइटवर जाहिरात निघाली आहे का ते पाहा. कॉलेजमध्येही विचारा. कपाशीचे पैसे वाचले तर वाचले.

आणि पीडीएफची काळजी करू नका. बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन फुकट मिळतात, अकरावी-बारावीची सगळी मिळूनही एका दिवसाच्या लेक्चरांच्या आसपासच जागा घेतील. पेनाने लिहिलेल्या नोट्स त्याहून किरकोळ. जागा खातो तो व्हिडिओच.

थाळनेरकर

मंडळी, मनापासून आभार. मुलीला सगळा धागा वाचून दाखवला, मग तिनेच फोन घेतला आणि बसून सगळं तपासलं.

क्लासच्या ॲपमध्ये कार्डाची ओळ नाही. म्हणजे भुसावळ भाऊ म्हणाले तसं, लेक्चर आतच राहणार. एक तासाचं लेक्चर उतरवून बघितलं: ४८०पी ला ३०० एमबीच्या थोडं खाली, ताईंच्या आकड्याच्या अगदी जवळ. ७२०पी ला दुपटीहून जास्त. दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहिले. तिचं म्हणणं, भौतिकशास्त्राची गणितं ४८०पी वर व्यवस्थित वाचता येतात, पण जीवशास्त्राच्या आकृत्यांची बारीक नावं पुसट होतात. तर जीवशास्त्र ७२०पी आणि बाकी ४८०पी असं तिने ठरवलं. रोज तीनपैकी एक तास जीवशास्त्र, म्हणजे महिन्याला ३२ जीबीच्या आसपास.

वीस जीबी मोकळे ठेवून १२८ च्या टॅबमध्ये अडीच महिन्यांची लेक्चर बसतात. घटक चाचणी झाली की त्या धड्यांची काढून टाकायची, लागलीच तर कोर्सची मुदत आहे तोवर मावशीकडून पुन्हा उतरवता येतात. तेव्हा ८/१२८, कार्डाची खाच असलेला. २५६ चे जे पैसे वाचतील त्यात पेन येतं का बघतो.

महाज्योतीचं कॉलेजमध्ये विचारतो आहे, आम्ही त्या प्रवर्गात बसतो.

एक शंका राहिली. कार्ड लेक्चरला चालणार नाही, तरी फोटो आणि पुस्तकांसाठी एक लहान घ्यावं म्हणतो. बाजारात ५००-६०० रुपयांत १ टीबीचं मिळतं असं पुतण्या म्हणाला. घेऊ का?

अहिराणी_मानूस

नका लेऊ भाऊ! खोटं ऱ्हास ते.

भुसावळ_जंक्शन

अजिबात नको. त्या भावात १ टीबीचं खरं कार्ड येतच नाही. आत १६ किंवा ३२ जीबीची चिप असते आणि तिला १ टीबी असं खोटं बोलायला शिकवलेलं असतं. टॅबमध्ये टाकलं की १ टीबी दाखवतं, फाइलही जातात, पण खरी जागा संपली की पुढचं सगळं नुसतं नावाला राहतं, उघडायला गेलं की फाइल खराब. घरचे लग्नाचे फोटो असे गेलेले मी पाहिले आहेत.

तुम्हाला ६४ किंवा १२८ चं साधं कार्ड पुष्कळ झालं. नावाजलेल्या कंपनीचं, पक्क्या बिलासकट. वर ए१ खूण असली तर सेकंदाला निदान १५०० वेळा वाचणं आणि ५०० वेळा लिहिणं जमतं. पुस्तकं आणि फोटो यांना एवढं भरपूर. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा टॅब एसटीच्या खिडकीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका. कार्डाचं राहू द्या, बॅटरीच फुगते.

कार्ड आणलं की त्यावर काही ठेवण्याआधी तपासून घ्या. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, लिनक्स आणि मॅकवर एफ३. ते कार्ड काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं परत वाचून ताडतं. सेकंदाला ३० एमबीने १२८ जीबी लिहायला सव्वा तास लागतो, वाचायला वेगळा वेळ, तेव्हा दुकानात उभ्या उभ्या होणारं काम नाही. मावशीकडे लॅपटॉप असेल तर दुपारी लावून ठेवा, आणि निकाल हिरवा येईपर्यंत बिल सांभाळून ठेवा.